चिमणाबाईचे दोन शब्द

इंदिरानगर, नाशिक
मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५

चैताली,

आशीर्वाद. अनेक लिहायची पद्धत आहे, पण तू घेशील की नाही ठाऊक नाही, म्हणून एकच लिहिला.

तुझा फोन लागेना तेव्हा मला वाटलं नेट गेलं. क्लासला पायलला दाखवला. तिनं पाहिलं आणि हळूच म्हणाली, "काकू, नेट नाही गेलं. चैतालीताईंनी ब्लॉक केलंय." पोटच्या मुलीनं दार लावून घेतलंय हे चोवीस वर्षांच्या स्पॅनिशच्या मास्तरीणबाईकडून कळावं! आता पोस्टाशिवाय वाट नाही. काल तिकीट किती लागेल ते विचारायला गेले, तर पोस्टातली मुलगी पत्ता लिहिलेलं रिकामं पाकीट उलटंसुलटं करून म्हणाली, "चिली म्हणजे आफ्रिकेत का?" मागे रांग होती, तरी मी तिला दक्षिण अमेरिका समजावून सांगितली. सवय जात नाही.

आणि कारण काय, तर तुझ्या सासूबाई. एल्बाबाई. २९ जूनला त्यांच्या साठाव्या वाढदिवसाला मी फोनवर त्यांचं एक वाक्य दुरुस्त केलं. एवढाच माझा गुन्हा.

छत्तीस वर्षं मी शाळेत मराठी शिकवलं. वक्तृत्वाची मुलं तयार केली, जिल्ह्यात नंबर आणले. चुकीचं कानावर पडलं की माझं तोंड आपोआप उघडतं, त्याला मी काय करू? आणि मी स्पॅनिश शिकतेय ते कुणासाठी? एमिलियासाठीच ना? तीन वर्षांची माझी नात. तिला मराठीत 'ये' म्हटलं तर हसून पळून जाते. म्हणून त्रेसष्टाव्या वर्षी मी कॉलेजच्या पोरांमध्ये वही घेऊन बसते. पहिल्या दिवशीचा पहिला शब्द 'ग्राथियास', म्हणजे धन्यवाद. जीभ दातांत धरून तो 'थ' काढायचा असतो. माझा पहिल्याच तासाला निघाला. पोरांचा महिनाभर निघत नव्हता.

तुझ्या सासूबाईंचा तर कधीच निघणार नाही. त्या 'ग्रासिया' म्हणतात. शब्दाच्या शेवटी 'स' आला की गिळून मोकळ्या. मक्याच्या कणसाला पायलच्या पुस्तकात एक शब्द आहे, यांच्या तोंडी दुसराच, 'चोक्लो'. घेवड्याला 'पोरोतो'. आणि दर वाक्याला शेपटासारखा 'पो' आहेच. सी पो, नो पो. द्राक्षं भरायच्या शेडमध्ये तीस वर्षं काढलेल्या बाईकडून जास्त अपेक्षा नाही माझी. पण एमिलिया दिवसभर त्यांच्यापाशी असते. मुलीच्या कानावर चुकीचं पडतं. तेवढ्यासाठी बोलले.

सगळे हसले, त्याही हसल्या. मग तीन रविवार त्या फोनवर दिसल्या नाहीत. २७ जुलैला मी गमतीनं विचारलं, "काय गं, विहीणबाई रुसल्या का?" तर तू फोन ठेवून दिलास. त्यानंतर तुझा तो मेसेज आला. तो मी वाचला आहे. त्यावर मला आत्ता काही लिहायचं नाही.

तिकडे थंडी आहे म्हणतात. एमिलियाला कानटोपी घालत जा.

तुझी आई


रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चैताली,

पहिलं पत्र तुला अजून मिळालं नसेल. मिळू नये असंही वाटतंय. मी दोन दिवसांनी पोस्टात जाऊन विचारलंसुद्धा, परत मिळेल का म्हणून. ती मुलगी म्हणाली, "गेलं ना काकू आफ्रिकेला."

त्यात मी लिहिलं की एक वाक्य दुरुस्त केलं. तू तिथंच होतीस, तुला काय सांगायचं? पण मी जे पाहिलं ते लिहून काढते. लिहिल्याशिवाय मला स्वतःला कबूल करता येत नाही.

एल्बाबाई हातात ग्लास घेऊन उभ्या राहिल्या. मागे अंगणात वीसेक माणसं होती. त्या बघत होत्या तुझ्या हातातल्या फोनकडे, म्हणजे माझ्याकडे. मला 'कोंसुएग्रा' म्हणाल्या. इंग्रजीत विहिणीला शब्दच नाही, यांच्याकडे आहे, हे कळलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! आणि त्या इतक्या सावकाश बोलत होत्या. तू मला आदल्याच रविवारी सांगितलं होतंस की मला समजावं म्हणून त्या तीन-चार दिवस हळू बोलायचा सराव करतायत. त्या म्हणाल्या की मला तीन नातवंडं आहेत. 'लो त्रे निएतो.' आणि मी बोट वर केलं. दुसरीच्या वर्गात करायचे तसं. म्हटलं, "लोस. त्रेस. निएतोस. स्स्."

लोक हसले. आणि चैताली, त्यांनी ते पुन्हा म्हटलं. साठ वर्षांची बाई, हातात ग्लास घेऊन, सगळ्यांसमोर, प्रत्येक 'स' लावून. मी "छान" म्हटलं! पुढच्या वाक्याला मी परत बोट वर केलं. त्या वेळी त्या हसल्या, 'बरं बरं' अशी मान हलवली आणि खाली बसल्या. मला वाटलं बोलून झालं असेल. झालं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं.

आपल्याकडे मुलीच्या आईनं विहिणीपुढे दोन पावलं मागे राहायचं असतं. लग्नात विहिणीची पंगत वेगळी मांडतात, पानात काही कमी पडू देत नाहीत. आणि मी तिच्या वाढदिवसाला, तिच्या अंगणात, तिच्या स्वतःच्या भाषेत तिला नापास केलं. माझं स्वतःचं स्पॅनिश जेमतेम सहा महिन्यांचं.

हे मी क्लासमध्ये सांगितलं होतं. फुशारकीनं, हो. दुसऱ्याच दिवशी. पायलनं तेव्हा पुढचा धडा काढला. परवा मात्र तिनं लॅपटॉप उघडला आणि एकेक माणूस बोलताना ऐकवला. एक स्पेनचा, एक मेक्सिकोचा, एक अर्जेंटिनाचा, एक क्यूबाची म्हातारी. शेवटी चिलीचा एक शेतकरी. आम्हाला कोणालाच काही कळलं नाही. ती म्हणाली, "मलाही अर्धंच कळतं. मी पुण्यात शिकले ते स्पेनचं. वीस देश आहेत, काकू. निम्म्यांच्या वर लोक तो 'स' असाच खातात, आणि 'थ' तर स्पेन सोडून कुणीच म्हणत नाही."

मी विचारलं, "मग बरोबर कोणतं?"

ती जरा गोंधळली. म्हणाली, "परीक्षेत माझं बरोबर. तुमच्या विहिणींच्या घरी त्यांचं."

पोरं खाली मान घालून हसली. मी घरी आले आणि तुझा मेसेज परत काढला. 'आई, तुझा फोन आला की एल्बा आता उठून आतल्या खोलीत जाते. अगदी आजीसारखी. तेव्हा मी लहान होते. आता नाही.'

हे मात्र तू जास्तच लिहिलंस. आजीचा इथे काय संबंध? माझी आई आपल्याकडे एकवीस वर्षं राहिली. तिला मी काही कमी केलं नाही. पाहुणे आले की ती आत जायची, पण ती आपणहून जायची. मला पुरस्कार मिळाला तेव्हा तारखेचा घोळ झाला, त्यावरून थोडी नाराज होती, इतकंच. कार्डावर कोणी तारीख चुकीची छापली तर मी काय करणार?

पत्र लांबलं. थांबते.

आई


रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चैताली,

कार्डावर तारीख बरोबर होती. ५ सप्टेंबर २००७, दुपारी चार वाजता.

हे वाक्य लिहायला मला तीन आठवडे लागले. आता पुढचं लिहिते. मध्ये थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

आदर्श शिक्षिका पुरस्कार होता. ज्या संस्थेनं दिला तिची एक पद्धत होती. सत्कार एकट्या शिक्षकाचा करायचा नाही, त्याच्या आईलाही स्टेजवर बसवायचं, शाल द्यायची आणि माईक देऊन 'दोन शब्द' बोलायला सांगायचं. लोकांना ते फार आवडायचं. मी आदल्या वर्षी प्रेक्षकांत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. माझ्या पत्रात तसंच लिहून आलं, 'आपल्या मातोश्रींना सोबत आणावे.' मी आईला सांगितलं. ती केवढी हरखली. तिचं पांढरं पातळ होतं ना, निळ्या काठाचं, ते तिनं पेटीतून काढून दोनदा धुतलं.

तू पंधरा वर्षांची होतीस. आठवडाभर तुमच्या दोघींचं मागच्या खोलीत काहीतरी चालायचं. एका संध्याकाळी मी शाळेतून आले, चप्पल काढत होते, आणि आतून तिचा आवाज आला. ती पाठ केल्यासारखं म्हणत होती, "मी चिमणाबाई शे." तू म्हणालीस, "मोठ्यानं बोल आजी, माईकवर बोलायचंय." मी पुढचं ऐकलं नाही. 'आहे'च्या जागी 'शे' ऐकलं, तेवढं पुरे झालं. मी तशीच चप्पल घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेले आणि काहीही न घेता परत आले.

मी ऐंशी साली सटाण्याकडून नाशिकला डी.एड.ला आले. पहिल्या पाठाच्या वेळी फळ्याकडे बोट दाखवून मुलांना म्हटलं, "हे चित्र शे." मुलं हसली ते सोड, मागे बसलेले सरसुद्धा हसले. पुढची दोन वर्षं मला वर्गात नाव नव्हतं, 'शे' म्हणायचे. 'ए शे, डबा दे.' वसतिगृहाच्या मोरीत नळ सोडून मी 'ण' घोटत 'पाणी, लोणी, आणि' म्हणत बसायचे, कोणाला ऐकू जाऊ नये म्हणून. एका वर्षात मी अहिराणी अशी काढून टाकली की सुट्टीत घरी गेले तर आई बिचकली. मला 'तुम्ही' म्हणाली. चुकून.

ही सबब म्हणून सांगत नाही. जे लोक माझ्यावर हसले त्यांच्या बाजूला जाऊन बसले मी, एवढंच सांगायचंय. तू लहान असताना "माय, पानी दे" म्हणालीस तेव्हा मी आईला सांगितलं, पोरीशी बोलायचं तर नीट बोल, नाहीतर बोलू नको, मुलीच्या कानावर चुकीचं पडतं. हेच वाक्य मी तुला पहिल्या पत्रात एल्बाबाईंबद्दल लिहिलं. शब्दाला शब्द. पत्र पोस्टात टाकेपर्यंत माझ्या लक्षात आलं नाही. त्यानंतर आई तुझ्याशी मी शाळेत गेल्यावरच बोलायची. म्हणून तुला अजून अहिराणी येते, आणि मला येत नाही.

तर त्या संध्याकाळी मी तुम्हा दोघींना सांगितलं की कार्यक्रम सहा तारखेला आहे, गाडी न्यायला येईल. कार्ड शाळेच्या कपाटात ठेवलं. आईला वाचता येत नव्हतं, आणि तू माझ्यावर विश्वास ठेवायचीस.

पाच तारखेला मी एकटीच गेले. संचालकांनी विचारलं, "मातोश्री?" म्हटलं, तब्येत बरी नाही. सगळ्यांनी 'अरेरे' केलं. मी स्वतःच दहा मिनिटं बोलले, विषय होता मातृभाषेचं ऋण. टाळ्या पडल्या. शाल शाळेत ठेवून मी नेहमीसारखी घरी आले आणि काही बोलले नाही.

सहा तारखेला मी सहा वाजता घरी आले तर ती ओट्याजवळच्या खुर्चीत बसली होती. पातळ नेसून, डोक्यावर पदर घेऊन. तीन वाजल्यापासून बसली होती, हे तूच मला सांगितलंस. मला बघून उठली आणि म्हणाली, "गाडी कव्हय येस?" मी म्हटलं, अगं तो कालच झाला, कार्डावर तारीख चुकीची छापली होती, मला शाळेतून परस्पर नेलं. तू म्हणालीस, "मग काल का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, दमले होते. तू माझ्याकडे बघत राहिलीस. आईनं नाही बघितलं. म्हणाली, "जाऊ दे. च्या मांडू का तुले?" आणि पातळ न बदलता चहा केला.

त्याच दिवशीच्या पेपरात फोटो होता. स्टेजवर सहा शिक्षक, पाच आया. तिला वाचता येत नसलं तरी मोजता येत होतं.

पुढच्या रविवारी पर्यवेक्षक पेढे घेऊन आले, तेव्हा बेल वाजल्याबरोबर ती उठली, आत गेली आणि पडदा ओढून घेतला. मी तिला बोलावलं नाही. मला बरं वाटलं, चैताली. तेरा साली ती गेली तोवर ती प्रत्येक बेलला उठत होती, आणि मी सगळ्यांना सांगायचे, आईला माणसांत बसायला आवडत नाही.

मला तू क्षमा करावीस म्हणून लिहीत नाही. क्षमा करणारी गेली, तिनं एका शब्दानं विचारलंही नाही. पण एल्बाबाई आहेत. त्यांनी माझ्यामुळे आतल्या खोलीत बसू नये. माझ्याशी बोलू नकोस हवं तर, पण त्यांना सांग की ती बाई मूर्ख आहे, तिचं मनावर घेऊ नका.

आणि एक विचारते. हक्क नाही, तरी विचारते. आई त्या दिवशी माईकवर काय म्हणणार होती? मी पहिलं वाक्य ऐकून पळाले. पुढचं तुलाच ठाऊक आहे.

आई


बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

चैताली,

काल दुपारी तुझा मेसेज आला. म्हणजे तू दार उघडलंस. फोन केला नाही, घाबरले. म्हणून पुन्हा कागद.

तू फक्त तेवढंच लिहिलंस. वर नाव नाही, खाली नाव नाही.

'मी चिमणाबाई शे. माले चार लोकस्मा बोलता येत नही. मनी आंडेरले येस. ती बोलस ना, तव्हय माले वाटस, मीच बोलस.'

आणि त्याखाली, 'रविवारी फोन कर.'

मी हे किती वेळा वाचलं ते सांगत नाही. माझ्या मुलीला येतं, ती बोलते तेव्हा वाटतं मीच बोलते. आणि मी तिथं एकटी उभी राहून दहा मिनिटं मातृभाषेवर बोलत होते. तिला मला लाजवायचं नव्हतं. चार माणसांत फक्त एवढंच सांगायचं होतं की मला येत नाही, हिला येतं.

मला ते मोठ्यानं म्हणून बघायचं होतं. दार लावलं आणि म्हटलं. येईना. 'वाटस'च्या जागी 'वाटतं' येतं, 'मनी'च्या जागी 'माझी' येतं. आलं तरी वक्तृत्वाच्या आवाजात येतं, ते आणखी वाईट.

आज बाजारात गेले. मेथी घेऊन कोपऱ्यावर बसते ती नवसाबाई सटाण्याकडची आहे, हे मला दहा वर्षांपासून माहीत आहे. कधी तिच्याशी तसं बोलले नाही. आज तिच्यासमोर उकिडवी बसले आणि ती वाक्यं म्हणून दाखवली. ती हातातली जुडी तशीच धरून बघत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुम्हले आम्हनी बोली येस?"

मी म्हटलं, "यायची. आता विसरले."

"इसरस का कोनी?" असं म्हणून ती हसली, आणि तिनं मला एकेक शब्द म्हणायला लावला. 'आंडेर'वर मी तीनदा अडकले. शेजारची कांदेवाली पण मध्ये पडली. गिऱ्हाईक खोळंबलं, एकानं विचारलंसुद्धा, काय चाललंय म्हणून. नवसाबाई म्हणाली, "शाळा शे आम्हनी. थांबा जरासा." मला तिथं रडू आलं आणि मी ते मेथीत तोंड घालून लपवलं. तिनं पाहिलं असणार. दोन जुड्या जास्तीच्या घातल्या.

रविवारी सात वाजता फोन करते. तुमचे सकाळचे साडेदहा.

आई


सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

चैताली,

कालच तर बोललो, मग पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर मला जे सांगता आलं नाही ते इथे लिहिते. आणि आता या कागदाची सवय झाली आहे.

तू फोन स्वयंपाकघरात लावलास. एमिलिया किती मोठी दिसायला लागली. टेबलाशी एल्बाबाईंची खुर्ची होती, पाठीवर त्यांचा स्वेटर, आणि खुर्चीत कोणी नव्हतं. तू आतल्या दाराकडे बघून मान हलवलीस. नाही येत म्हणाल्या, असं. मला वाटलं, बरोबर आहे. कशाला यावं?

मग मी उभी राहिले. तुला हसू आलं असेल, फोनवर बोलायला कोण उभं राहतं? पण सत्काराला उभं राहतात. मी आईचे शब्द म्हटले, आतपर्यंत जातील इतक्या मोठ्यानं. 'आंडेर'ला अडकले नाही. तू ते एल्बाबाईंच्या भाषेत दाराकडे तोंड करून सांगितलंस, आणि शेवटच्या वाक्याला तुझा आवाज फुटला. तू एकटीनं अठरा वर्षं ते सांभाळून ठेवलं होतंस, हे मला तेव्हा कळलं.

मग मी म्हटलं, "पेर्दोन, एल्बा." क्षमेचा हा शब्द वीसही देशांत सारखाच आहे, पायलला आधी विचारून ठेवलं होतं. आतून भांडं ठेवल्याचा आवाज आला तेवढाच. मी आणखी काय बोलणार? माझं स्पॅनिश तिथंच संपतं. निघायचं म्हणून शेवटी म्हटलं, "ग्राथियास, एल्बा."

आणि आतून आवाज आला. "ग्रासिया!"

तू चमकून वळलीस. मीही. मला आधी कळेना की त्या मला उत्तर देतायत की काय. मी पुन्हा म्हटलं, नीट 'स' काढून, "ग्रासियास."

"नो पो! ग्रासिया!"

चैताली, मला माझ्या जन्मात कोणी दुरुस्त केल्याचा असा आनंद झाला नव्हता. मी तिसऱ्यांदा म्हटलं, शेवटचा 'स' गिळून, त्या गिळतात तसा. "ग्रासिया."

त्या बाहेर आल्या नाहीत. एमिलिया मात्र टेबलावर चढून म्हणाली, "ग्रासिया, ग्रासिया," आणि तू म्हणालीस, "आई, आता पुढच्या रविवारी." तू मला आई म्हणालीस, याची मी नोंद घेतली आहे.

आज क्लासला पायलसमोर तसंच म्हटलं. ती म्हणाली, काकू, परीक्षेत मार्क जातील. म्हटलं, जाऊ देत.

हे सगळं तुला ठाऊकच आहे. जे सांगायचं होतं ते असं. रात्री भांडी घासताना माझ्या डोक्यात एकच येत होतं. एल्बाबाई आत बसल्या, पण गप्प बसल्या नाहीत. माझं चुकलं तर आतून ओरडल्या. माझी आई त्या पडद्यामागे सहा वर्षं बसली, आणि बाहेर मी पाहुण्यांना सांगत होते की तिला माणसांत आवडत नाही. तिला प्रत्येक शब्द ऐकू येत होता. एकदा तरी तिनं आतून ओरडून म्हणायला हवं होतं, खोटं बोलस तू.

म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, हेही मला माहीत आहे. मी तिचं वाक्य दुरुस्त केलं असतं.

आई